‘मॅडचेस्टर’च्या आधीचं मँचेस्टर

इचलकरंजीला ‘महाराष्ट्राचं मँचेस्टर’ म्हणणाऱ्या आपल्या पिढ्यांना ते शहर ठाऊक आहे ते कापडासाठी. इंग्लंडमधल्या त्या मूळ मँचेस्टरच्या गिरण्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात थंडावल्या. मागे राहिली बेकारी आणि स्वस्तात मिळणाऱ्या रिकाम्या इमारती. पुढे ज्याला ‘मॅडचेस्टर’ हे नाव पडलं, ते तिथलं संगीत वाढलं ते या पडझडीत.

4 जून 1976 ला मँचेस्टरच्या ‘लेसर फ्री ट्रेड हॉल’मध्ये ‘सेक्स पिस्टल्स’ या पंक रॉक बँडचा कार्यक्रम झाला. प्रेक्षक मोजकेच, पण त्यांत बर्नार्ड समनर आणि पीटर हूक होते. त्यांच्या ‘जॉय डिव्हिजन’ या बँडचा गायक इयन कर्टिस 1980 मध्ये वारला, तेव्हा उरलेल्यांनी ‘न्यू ऑर्डर’ हा बँड काढला. टोनी विल्सन आणि अॅलन इरॅस्मस यांची फॅक्टरी रेकॉर्ड्स ही कंपनी त्यांच्या पाठीशी होती. 1982 मध्ये फॅक्टरी आणि न्यू ऑर्डरने मिळून व्हिटवर्थ स्ट्रीट वेस्टवर यॉटच्या जुन्या शोरूममध्ये ‘हासिएन्डा’ हा क्लब उघडला. सुरुवातीची काही वर्षं तिथे शुकशुकाटच असायचा. पुढे गर्दी झाली तरी गल्ला भरेना, कारण एक्स्टसी या नशेच्या गोळ्या घेऊन नाचणारी पोरं दारूऐवजी पाणी पीत. न्यू ऑर्डरच्या रेकॉर्ड विकून आलेला पैसा या क्लबात जिरत राहिला.

गर्दी आणली ती शिकागो-डेट्रॉइटहून आलेल्या हाउस आणि टेक्नो या नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताने. क्लबचा डीजे माइक पिकरिंग शुक्रवारच्या ‘न्यूड’ नाइट्सना ते वाजवायचा. 1988 मध्ये मँचेस्टरच्याच मॉस साइड भागातल्या ‘अ गाय कॉल्ड जेराल्ड’ या नावाने संगीत करणाऱ्या कलाकाराने ‘वूडू रे’ हे गाणं काढलं. शहराचा स्वतःचा हाउस आवाज कोणता, या प्रश्नाला माझ्या मते तेच खरं उत्तर. म्हणजे बारसं व्हायच्या आधीच बाळ चांगलं पळायला लागलं होतं.

नाव आलं नोव्हेंबर 1989 मध्ये. ‘हॅपी मंडेज’ या तिथल्या बँडच्या रेकॉर्डवर छापलं गेलं ‘मॅडचेस्टर रेव्ह ऑन’. कल्पना त्यांचे व्हिडिओ करणाऱ्या बेली ब्रदर्सची, म्हणजे मुळात ही जाहिरातीची ओळ. त्याच महिन्यात मंडेज आणि मँचेस्टरचाच ‘स्टोन रोझेस’ हा बँड एकाच दिवशी ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या बीबीसीच्या टीव्ही कार्यक्रमात झळकले आणि पत्रकारांना आयता मथळा मिळाला. मग शेजारच्या ओल्डहॅम गावचे ‘इन्स्पायरल कार्पेट्स’ही मॅडचेस्टर आणि ज्यांची मुळं वेस्ट मिडलंड्समध्ये ते ‘शार्लटन्स’ही मॅडचेस्टर! ढगळ पँट आणि टोपी दिसली की लावला शिक्का. अनेक बँडना तो नकोसा होता आणि मला त्यांचा राग रास्त वाटतो. या नावाने गिटारवाले पुढे आले, तर जेराल्डसारखे कृष्णवर्णीय कलाकार आणि डीजे तळटिपेत गेले.

मे 1990 मध्ये विड्नेस गावच्या स्पाइक आयलंडवर स्टोन रोझेसच्या कार्यक्रमाला सुमारे 27 हजार लोक जमले. पण नशेच्या धंद्यावर टोळ्यांचा डोळा होताच. दारावर बंदुका दिसू लागल्या आणि जानेवारी 1991 मध्ये हासिएन्डा काही महिन्यांसाठी बंद ठेवावा लागला. वृत्तपत्रांनी त्याच नावाची मोडतोड करून ‘गनचेस्टर’ केलं. हे तर शहरात कुणालाच नको होतं. फॅक्टरीचं दिवाळं 1992 मध्ये वाजलं, क्लब 1997 मध्ये कायमचा बंद झाला आणि पुढे तिथे उभ्या राहिलेल्या फ्लॅट्सना हासिएन्डाचंच नाव दिलं गेलं.

1994 मध्ये ‘ओअॅसिस’ या बँडचा पहिला अल्बम आला. तेही मँचेस्टरचेच, पण त्यांना मॅडचेस्टर कुणी म्हटलं नाही. तोवर लंडनच्या पत्रकारांना ‘ब्रिटपॉप’ हा नवा शिक्का सापडला होता.