काचेचा चुरा काँक्रीटमध्ये कसा आला

टाकाऊ काच काँक्रीटमध्ये घालण्याची कल्पना आजची नाही. 1963 मध्येच अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या नियतकालिकात, दर्शनी भागावर काचेचे तुकडे दिसणाऱ्या भिंतीच्या फलकांबद्दल अभ्यास छापून आला होता. तिथे पर्यावरणाचा विचार नव्हता. काच होती ती शोभेपुरती. तपासायचं होतं ते एवढंच, की ही काच सिमेंटशी जमवून घेईल का.

शंकेला कारण होतं. कॅलिफोर्नियाच्या महामार्ग खात्यातल्या थॉमस स्टँटन यांनी 1940 मध्ये काँक्रीटच्या एका विचित्र दुखण्याचा उलगडा केला होता. सिमेंटमधला अल्कली आणि काही प्रकारच्या खडीतली सिलिका यांच्यातून चिकट जेल तयार होतं, ते पाणी शोषून फुगतं आणि काँक्रीट आतून फोडतं. पृष्ठभागावर जाळीसारखे तडे दिसतात, तोवर वर्षं उलटलेली असतात. बाटलीच्या काचेत सुमारे 70 टक्के सिलिका असते, तीही स्फटिकरूप नसलेली, म्हणजे या प्रक्रियेला एका पायावर तयार. त्यामुळे 1970च्या दशकात कचरा जिरवण्यासाठी खडीच्या जागी काच घालून पाहिली, तेव्हा पुन्हा तेच तडे आडवे आले.

कोडं सुटायला मदत झाली ती कणांच्या आकाराकडे नीट पाहिल्यावर. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ख्रिश्चन मेयर आणि सहकाऱ्यांनी 1990च्या दशकात वेगवेगळ्या जाडीची काच तपासली. साधारण मिलिमीटरभर जाडीच्या कणांनी नमुने चांगलेच फुगले. काच आणखी बारीक केली तशी फुगण्याची खोड कमी होत गेली. सिमेंटइतकी बारीक पूड तर उलट कामाला येते: ती सिमेंट घट्ट होताना सुटणाऱ्या चुन्याशी लवकर आणि सगळीकडे सारखी संयोग पावते आणि बांधून ठेवणारा पदार्थ तयार करते. रोमन लोक इटलीतल्या पोत्सुओलीजवळची ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळत, तिथेही मूळ रसायन हेच. ती राखही बरीचशी काचच.

इथून विषयाचा रोखच बदलला. नुसती वाळू वाचवली तर कचरा कमी होतो, पण कार्बनच्या हिशोबात फारसा फरक पडत नाही. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सुमारे 7 ते 8 टक्के वाटा सिमेंटचा, आणि त्यातला मोठा भाग चुनखडी भाजतानाच सुटतो. म्हणून वाळूच्या जागी काच घालून ‘हरित’ शिक्का मारणं मला जरा उदारपणाचंच वाटतं. खरी बचत सिमेंट कमी करण्यात आहे.

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातल्या शेरब्रूक विद्यापीठाने ही पूड चिकाटीने पुढे नेली. माँट्रियालमधल्या डार्विन पुलांच्या काँक्रीटमध्ये 10 टक्के सिमेंटऐवजी ती वापरली गेली. 2020 मध्ये काँक्रीटमध्ये वापरायच्या काचेच्या पुडीसाठी ‘एएसटीएम सी 1866’ हे अमेरिकन मानक आलं आणि अभियंत्यांना निविदेत लिहायला आधार मिळाला.

अर्थात, स्वच्छ, रंगवार वेगळी केलेली काच पुन्हा बाटलीतच जाणं केव्हाही चांगलं. इकडे यावी ती मिसळलेली, भट्टीवाले नाकारतात ती. तीही आधी धुतलेली हवी, कारण पेयांची उरलेली साखर सिमेंटला वेळेवर घट्ट होऊ देत नाही.