नाव 'स्टेम सेल', काम निरोप्याचं

'स्टेम सेल टोचून घ्या, किडनी नव्यासारखी होईल,' असं सांगणारे दवाखाने आपल्याकडे आहेत. प्रयोगशाळेत मात्र हे स्वप्न वीस वर्षांपूर्वीच विरू लागलं होतं, आणि त्याच्या जागी जे हाती आलं ते जास्त रंजक आहे.

स्टेम सेल म्हणजे विभागून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनवू शकणारी मूळपेशी. इथे ज्यांची गोष्ट आहे त्या पेशी मूळच्या अस्थिमज्जेतल्या, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजातल्या. सोव्हिएत संशोधक अलेक्झांडर फ्रीडेनस्टाईन यांनी १९६०-७०च्या दशकांत काचपात्राच्या तळाला चिकटून वाढणाऱ्या, हाड बनवू शकणाऱ्या या पेशी दाखवल्या. १९९१मध्ये अर्नॉल्ड कॅप्लन यांनी त्यांना 'मेसेनकायमल स्टेम सेल' म्हटलं. नावात 'स्टेम' आलं आणि अपेक्षा वाढल्या.

रक्तपुरवठा काही वेळ तुटला किंवा सिस्प्लॅटिनसारखं कर्करोगावरचं औषध दिलं, तर मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिकांच्या पेशी मरतात. इजा बेताची असेल तर वाचलेल्या पेशी विभागून खिंडार बुजवतात. २००४मध्ये इटलीत बेर्गामोच्या मारियो नेग्री संस्थेत सिस्प्लॅटिन दिलेल्या उंदरांना अस्थिमज्जेतल्या या पेशी टोचल्या, तेव्हा मूत्रपिंडं सावरली. पाहुण्या पेशीच नलिकेत जाऊन बसल्या, असा तेव्हाचा समज. पण पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या युटामधल्या प्रयोगात फायदा दिसला, तरी टोचलेली एकही पेशी नलिकेची पेशी झालेली आढळली नाही. शिरेतून दिलेल्या बहुतेक पेशी तर फुप्फुसातच अडकतात!

मग काम कोण करतं? २००९मध्ये इटलीतल्याच तुरिनच्या गटाने या पेशींनी सोडलेले अतिसूक्ष्म पुडके तेवढे दिले, तरी गुण आला. पुडक्यांतला आरएनए (प्रथिनं बनवण्याच्या सूचना वाहून नेणारा रेणू) नष्ट केल्यावर तो गुण गेला. म्हणजे पेशी गवंडी नव्हती, निरोप्या होती. खुद्द कॅप्लन यांनीच २०१७मध्ये आपण दिलेलं नाव बदला म्हणून लिहिलं. बारसं करणाऱ्यानेच नाव मागे घेणं विज्ञानातही रोज घडत नाही.

माणसांवरची मोठी चाचणी उत्तर अमेरिकेत २७ केंद्रांवर झाली. हृदयशस्त्रक्रियेनंतर मूत्रपिंड बिघडलेले १५६ रुग्ण त्यात होते. २०१८मध्ये निकाल आला: पेशी दिल्याने मूत्रपिंड लवकर सावरलं नाही. उंदराला इजा कधी करायची हे संशोधक ठरवतो, त्यामुळे औषधाची वेळ साधता येते. रुग्णाचं क्रिएटिनिन (मूत्रपिंड बिघडल्यावर रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ) मात्र इजेनंतर उशिरा चढतं, तोवर नलिकांचं नुकसान होऊन गेलेलं असतं. शिवाय प्रयोगातला उंदीर बहुधा तरुण आणि धडधाकट, तर असा रुग्ण बहुतेकदा वयस्क, मधुमेह-रक्तदाब सोबत घेऊन आलेला.

भारतात आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मूत्रपिंडासाठी या पेशी केवळ मंजूर चाचणीतच देता येतात, आणि चाचणीतल्या रुग्णाकडून त्यासाठी पैसे घेता येत नाहीत.