सायक्लोन धूळसंग्राहकाचे संगणकीय प्रतिमान

सुतारकामाच्या कारखान्यात करवत, रंधा मशीन आणि सँडर यांतून उडणारा भुसा नळीने ओढून हवेपासून वेगळा करणारे, खाली निमुळते होत जाणारे पत्र्याचे नळकांडे म्हणजे सायक्लोन. चालू असताना त्याच्या आत काय घडते ते बाहेरून दिसत नाही. म्हणून हवेची आणि कणांची गती संगणकावर समीकरणे सोडवून पाहतात; हेच त्याचे संगणकीय प्रतिमान.

सायक्लोनचे अमेरिकी पेटंट १८८५ सालचे. त्यात हलणारा एकही भाग नसतो. हवा वरच्या बाजूने, भिंतीला लागून आत शिरते, गिरक्या घेत खाली उतरते आणि शंकूच्या टोकाशी उलटून मधल्या अरुंद भोवऱ्यातून वर निघून जाते. २५ सेंमी त्रिज्येच्या वर्तुळात सेकंदाला १५ मीटर वेगाने फिरणारा कण गुरुत्वाच्या सुमारे ९० पट जोराने भिंतीकडे लोटला जातो. उफणताना दाणे खाली पडतात आणि फोलपट वाऱ्याबरोबर जाते, तसेच इथे ढलप्या सायक्लोनखालच्या पिंपात पडतात आणि पिठासारखी धूळ हवेबरोबर निसटते. बारीक कणांच्या बाबतीत व्यास दहाव्या हिश्श्यावर आला की भिंतीकडे सरकण्याचा वेग शंभराव्या हिश्श्यावर येतो. खरा धोका याच धुळीचा आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाची धूळ माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली. नाकाच्या पोकळीतला कर्करोग हे त्यामागचे मुख्य कारण. भरलेले पिंप पाहून यंत्रणा चांगली आहे असे मानणे म्हणूनच चुकीचे.

प्रतिमानासाठी सायक्लोनच्या आतल्या जागेचे लाखो लहान कप्पे पाडून प्रत्येकात हवेच्या प्रवाहाची गती सांगणारी नेव्हिअर-स्टोक्स समीकरणे सोडवतात. खरी कसोटी संक्षोभाच्या, म्हणजे हवेतल्या अनियमित खळबळीच्या, प्रतिमानाची. सर्वांत प्रचलित के-एप्सिलॉन प्रतिमान संक्षोभ सर्व दिशांना सारखाच धरते. जोरदार भोवऱ्यात ते खरे नसते, आणि मग सारी हवा एखाद्या घन चाकासारखी फिरताना दिसते. प्रत्येक दिशेचा संक्षोभ वेगळा धरणारे रेनॉल्ड्स ताण प्रतिमान वेळ जास्त खाते, पण इथे तेच वापरावे. त्यानंतर वेगवेगळ्या आकाराचे हजारो कण प्रवाहात सोडून कोणता पिंपात पडला आणि कोणता वर गेला, हे मोजतात.

हवा ओढणारा पंखा, म्हणजे ब्लोअर, सायक्लोनच्या पुढे, हवा बाहेर पडते त्या बाजूला बसवला असेल, तर खालच्या पिंपातही हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. झाकणाच्या रबराला बारीकशी फट राहिली तरी बाहेरची हवा आत घुसते आणि खाली बसलेली धूळ उचलून मधल्या भोवऱ्यात नेते. प्रतिमानात ही फट मुद्दाम ठेवून पाहिली की वर चढणारा झोत स्पष्ट दिसतो.

लाकडाचे कण गोल नसतात, तंतू आणि पापुद्रे असतात. प्रतिमान मात्र बहुधा त्यांना गोळ्याच समजते. त्यामुळे पडताळणी हवीच. पाणी भरलेल्या यू आकाराच्या नळीने सायक्लोनमधून जाताना हवेच्या दाबात होणारी घट मोजणे सोपे, पण दाब जुळला म्हणून धूळही जुळली असे होत नाही. त्यासाठी बाहेर पडणाऱ्या हवेचा ठरावीक नमुना गाळणकागदातून ओढून, कागदाचे आधीचे आणि नंतरचे वजन करावे लागते.