स्पिन ग्लास: शून्य कॉप्यांच्या गणिताची पार्श्वभूमी

2021 चं फिजिक्सचं नोबेल अर्धं हवामानाच्या मॉडेल्सना गेलं आणि उरलेलं अर्धं ज्या कामाला गेलं त्याचं मूळ स्पिन ग्लासमध्ये, म्हणजे ज्यात अणूंचे छोटे चुंबक (स्पिन) वाट्टेल त्या दिशांना गोठून बसतात अशा पदार्थांत आहे, तेव्हापासून हे नाव बऱ्याच जणांच्या कानावर आलंय. एन्ट्रॉपी, फ्री एनर्जी वगैरे माहितीये असं धरून चालतो.

डिसऑर्डरवर, म्हणजे पदार्थातल्या अव्यवस्थेवर, काम आधीही झालं होतंच, रँडमनेस पुरेसा असला की इलेक्ट्रॉन एका जागी अडकून पडतो हे 1958 मध्येच मांडलं गेलं, पण तो धागा वेगळा. आपला धागा सुरू होतो 1972 च्या सुमारास, सोन्यात थोडंसं लोखंड मिसळलेल्या धातूपासून. लोखंडाचे अणू सोन्यात वाट्टेल तिथे पडलेले, आणि दोन अणूंमधल्या अंतरावर ठरणार की त्यांचे स्पिन एका दिशेला बघणार की उलट. अगदी क्षीण एसी मॅग्नेटिक फिल्ड लावून ससेप्टिबिलिटी (फिल्डला पदार्थ किती प्रतिसाद देतो ते) मोजली तर एका तापमानाला टोकदार शिखर येतं, फिल्ड जरा वाढवलं की ते बोथट होतं, आणि स्पेसिफिक हीटमध्ये त्या जागी टोकदार असं काहीच नाही. म्हणजे फेज ट्रान्झिशन आहे की नाही इथूनच भांडण.

त्यात भर फ्रस्ट्रेशनची, म्हणजे सगळ्या जोड्यांना एकाच वेळी खूश ठेवता न येण्याची. दोन खोल्या, माणसं तिघं आणि कुणाचंच कुणाशी पटत नाही, कशीही सोय लावा एक जोडी कुरकुरणारच, तसं हजारो त्रिकुटांचं.

1975 मध्ये दोन मॉडेल्स आली, पहिल्यात फक्त शेजाऱ्यांशी संबंध, दुसऱ्यात प्रत्येक स्पिनचा प्रत्येकाशी. दुसरं 'सुटणारं' मॉडेल म्हणूनच मांडलं होतं, आणि खरी मेख तिथेच आहे. अणू एकदा जिथे बसले तिथे बसले, त्यामुळे सरासरी काढायची ती पार्टिशन फंक्शनच्या (सगळ्या शक्य अवस्थांची वजनदार बेरीज, जिच्या लॉगमधून फ्री एनर्जी मिळते) लॉगची, आणि लॉगची सरासरी काढणं महाकठीण. पार्टिशन फंक्शनच्या पूर्णांक घाताची सरासरी मात्र सोपी. मग युक्ती अशी की एकाच सँपलच्या n कॉप्या, म्हणजे रेप्लिका घ्यायच्या, n पूर्णांक धरून गणित करायचं आणि शेवटी n ला शून्याकडे न्यायचं! n शून्य झाला की रेप्लिकांच्या जोड्यांची संख्या n(n−1)/2 शून्याकडे जाते तीसुद्धा निगेटिव्ह बाजूने, त्यामुळे जिथे मिनिमम शोधायचा तिथे मॅक्सिमम शोधावा लागतो. गणितवाल्यांनी नाकं मुरडली तर त्यांना दोष देता येत नाही.

आणि उत्तरही चुकलंच. अॅब्सोल्यूट झिरोला एन्ट्रॉपी आली दर स्पिनमागे साधारण −0.16, आणि वर किंवा खाली एवढंच करू शकणाऱ्या स्पिनची एन्ट्रॉपी निगेटिव्ह असूच शकत नाही. आधी संशय लिमिट्सच्या (n शून्याकडे आणि स्पिनची संख्या अनंताकडे) अदलाबदलीवर गेला (मला विचाराल तर तो जरा घाईनेच घेतला), पण 1978 मध्ये दिसलं की सगळ्या रेप्लिका सारख्या धरून काढलेलं सोल्यूशनच कमी तापमानाला अस्थिर आहे. म्हणजे चूक युक्तीत नव्हती, सगळ्या रेप्लिका सारख्या धरण्यात होती. 1979 मध्ये रोमजवळच्या फ्रास्कातीमधून आलेल्या कामात हा सारखेपणा पायरीपायरीने मोडला, रेप्लिकांचे गट, गटांत उपगट, आणि ऑर्डर पॅरामीटर (स्पिन किती गोठलेत ते सांगणारं माप) म्हणून एका आकड्याऐवजी अख्खं फंक्शन. पहिल्याच पायरीला एन्ट्रॉपी −0.01 च्या आसपास आली, पायऱ्या अनंत केल्या की शून्य. ग्राउंड स्टेटची, म्हणजे सगळ्यात कमी एनर्जीच्या अवस्थेची, एनर्जी दर स्पिनमागे −0.763. या सगळ्याचा अर्थ काय, तर कमी तापमानाला सिस्टीमला एक नाही, खंडीभर अवस्था असतात आणि त्या झाडाच्या फांद्यांसारख्या एकमेकींशी जोडलेल्या असतात, हे 1983-84 मध्ये कळलं.

पुढचं सगळं भराभर झालं. 1982 मध्ये मेमरीचं न्यूरल नेटवर्क, 1983 मध्ये सिम्युलेटेड अॅनिलिंग (हळूहळू थंड करण्याची नक्कल करून चांगलं उत्तर शोधायची पद्धत), 2002 च्या सुमारास सॅटिस्फायेबिलिटीचे, म्हणजे खूप अटी एकदम पाळता येतात का ते तपासणारे, अल्गोरिदम, सगळ्यांत ह्याच घराण्याचं रक्त. गणिती पुरावा यायला मात्र 2003 आणि 2006 उजाडलं, तोही रेप्लिकांना हात न लावता, आणि फॉर्म्युला जसाच्या तसा बरोबर निघाला.

पण हे सगळं प्रत्येकाचा प्रत्येकाशी संबंध असलेल्या मॉडेलचं. आपल्या तीन मितींच्या जगात तेच चित्र टिकतं का, की 1980 च्या दशकातल्या ड्रॉपलेटवाल्यांचं साधं चित्र, ज्यात खऱ्या अवस्था दोनच, एक आणि तिची उलटी, यावर अजून एकमत नाही. खास ह्याच सिम्युलेशनसाठी कॉम्प्युटर बांधले गेले, तरी बाहेरून मॅग्नेटिक फिल्ड लावल्यावर तीन मितींत ट्रान्झिशन उरतं की नाही, यावर दोन्ही गट आजही आपापले ग्राफ दाखवतात.