भिलाईची सुरुवात नागपूरच्या एका नकाशातून झालेली

नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीत रात्री बसलं की दुर्ग सोडल्यावर खिडकीतून डोकावायचं, कधीकधी एका बाजूचं आभाळ एकदम नारिंगी होऊन जातं. लहानपणी वाटायचं आग लागलीय, मग डब्यातलं कुणीतरी सांगायचं, अरे भिलाई आलं, स्लॅग (भट्टीतली तापलेली मळी) ओततायत. तेव्हापासून या स्टील प्लांटबद्दल कुतूहल आहे आणि जितकं वाचत गेलो तितकं एक लक्षात आलं, की भिलाईची गोष्ट 1955 च्या रशियन करारापासून सांगतात सगळे, पण खरी सुरुवात त्याच्या पन्नास वर्षं आधी झालीय, आणि तीही आपल्या नागपुरात.

झालं असं की जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात 1877 ला सुरू झाली होती, म्हणजे हा भाग त्यांना चांगला माहीत. 1882 मध्ये त्यांच्या हातात फॉन श्वार्ट्झ नावाच्या एका जर्मन तज्ज्ञाचा रिपोर्ट पडला, चांदा (म्हणजे आजचं चंद्रपूर) जिल्ह्यात लोहाऱ्याला उत्तम लोखंडाचा डोंगर आहे असा. जवळच वरोऱ्याला कोळसा, मग अजून काय पाहिजे? पण वरोऱ्याचा कोळसा टेस्टला पाठवला तर तो या कामाचा निघालाच नाही, आणि त्या काळात खाणीच्या परवान्याच्या अटीही इतक्या जाचक की विषय तिथंच थंड पडला. पुढे कर्झनच्या काळात नियम सैल झाले तसं जमशेटजींनी परत उचल खाल्ली. 1903 च्या सुमारास त्यांचा मुलगा दोराबजी आणि वेल्ड नावाचा अमेरिकन जिऑलॉजिस्ट चांद्याच्या जंगलात फिरले, वेल्ड म्हणाला काही जमणार नाही, इथं पुरेसं नाही.

तर दोराबजी हे सांगायला नागपूरच्या सेक्रेटरिएटमध्ये गेले, साहेब जागेवर नव्हते, मग वेळ काढायला समोरच्या म्युझियममध्ये शिरले. तिथं भिंतीवर मध्य प्रांताचा भूगर्भाचा रंगीत नकाशा, आणि त्यात दुर्ग जिल्ह्यावर लोखंडाचा गडद रंग! तो भाग भूगर्भतज्ज्ञ प्रमथनाथ बोस यांनी आधीच पाहून 1887 मध्ये त्यावर लिहूनसुद्धा ठेवलं होतं. दोराबजी आणि वेल्ड तिकडे गेले, दल्ली-राजहराचा डोंगर चढले, तर म्हणतात की पायाखाली दगड धातूसारखा वाजत होता. लोखंडाचं प्रमाण साठ टक्क्यांच्या वर. साहेब त्या दिवशी ऑफिसात भेटले असते तर काय झालं असतं कोण जाणे.

पण नुसतं ओर, म्हणजे लोखंडाचा कच्चा दगड, असून भागत नाही ना. इंटिग्रेटेड प्लांट म्हणजे दगडापासून थेट रुळापर्यंत सगळं एकाच कुंपणात. कोळसा हवा न लागू देता भट्टीत हजार डिग्रीच्या वर भाजून कोक करायचा, तो कोक, ओर आणि चुनखडी ब्लास्ट फर्नेसमध्ये वरून टाकायची, खालून गरम हवा फुंकायची, की तळाशी वितळलेलं लोखंड आणि त्यावर तरंगणारी मळी, म्हणजेच स्लॅग. मग त्या लोखंडातला जास्तीचा कार्बन जाळला की स्टील. हे सगळं रात्रंदिवस चालू, दिवाळीची सुट्टी म्हणून फर्नेस विझवता येत नाही, गार पडली की आतला माल दगड होऊन बसतो. त्यामुळे पाणी, कोळसा, रेल्वे हे सगळं हिशोबात बसावं लागतं, आणि राजहराहून झरियाचा कोळसा लांब पडत होता. तेवढ्यात 1904 मध्ये त्याच बोस साहेबांचं पत्र आलं की ओडिशात मयूरभंजला गोरुमहिसानीत लोखंड बघा, झरियापण जवळ. झालं, टाटा तिकडे वळले, साकची गावी कारखाना उभा राहिला, 1912 ला स्टील निघालं आणि साकचीचं पुढे जमशेदपूर झालं. राजहरा राहिला तसाच. जमशेटजींनी मात्र यातलं काही पाहिलं नाही, ते 1904 लाच गेले.

स्वातंत्र्यानंतर सरकारनं एकदम तीन प्लांट काढायचं ठरवलं, प्रत्येकी 10 लाख टनांचे. राउरकेला जर्मनांच्या मदतीनं, दुर्गापूर इंग्रजांच्या आणि भिलाई रशियाच्या. रशियाशी करार झाला 2 फेब्रुवारी 1955 ला, कर्ज अडीच टक्के व्याजानं, बारा वार्षिक हप्त्यांत फेडायचं. आणि गंमत बघा, तेव्हा दुर्ग ज्या मध्य प्रदेशात होतं त्याची राजधानी नागपूरच होती, रविशंकर शुक्ल मुख्यमंत्री म्हणून नागपुरातच बसायचे, भोपाळ आलं 1 नोव्हेंबर 1956 ला. म्हणजे टाटांनी नागपुरात नकाशावर बघितलेला तो डोंगर शेवटी नागपूर राजधानी असतानाच कामाला आला!

जागा भिलाई का, तर मुंबई-हावडा लाइन दारातून जाते, राजहरा नव्वदेक किलोमीटरवर, चुनखडी नंदिनीला अगदी जवळ, पाणी तांदुळा धरणाचं, वीज कोरब्याची. फक्त कोक करण्याजोगा कोळसा लांबून आणायचा, ते दुखणं आजही आहे. डिमशित्स नावाचे रशियन इंजिनिअर बांधकामाचे प्रमुख, आणि भातशेतीच्या मधोमध सेक्टर 1, सेक्टर 2 असं नंबरांचं शहर उठलं. राजेंद्रप्रसादांनी 3 फेब्रुवारी 1959 ला राउरकेल्याची फर्नेस पेटवली आणि दुसऱ्याच दिवशी भिलाईची, काय धावपळ असेल ती. नोकरीसाठी अख्ख्या देशातून लोक आले, विदर्भातून तर बरेच, त्यामुळे नागपुरातल्या खूप घरांत एखादा काका-मामा भिलाईला असायचाच. पंडवानी, म्हणजे छत्तीसगढी ढंगात महाभारत गाणाऱ्या तीजनबाईसुद्धा याच प्लांटच्या नोकरीत होत्या, हे पुष्कळांना माहीत नसतं.

पुढे क्षमता वाढत गेली, 1967 पर्यंत 25 लाख टन, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी 40 लाख, आणि 2018 मध्ये महामाया ही आठवी फर्नेस आली, ती एकटीच दिवसाला 8 हजार टनांच्या आसपास लोखंड काढते. पण भिलाईचं खरं नाव रुळांसाठी. कित्येक दशकं आपल्या रेल्वेचे रूळ जवळपास एकट्या भिलाईचेच, आता तर 130 मीटरचा अखंड रूळ काढतात. कधी प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभे असाल तर रुळाच्या बाजूला नीट बघा, गंजाखाली उठावाची अक्षरं दिसतील, सेलचं (भिलाई चालवणारी सरकारी कंपनी) नाव, वजनाचा नंबर, महिना, साल.

आता या सगळ्याची दुसरी बाजू, जी सरकारी माहितीत दोन ओळींत गुंडाळतात. राजहराचं ओर सुरुवातीला बरंचसं हातानंच फोडलं जायचं, हजारो कंत्राटी मजूर, त्यात बायका डोक्यावरून टोपल्या वाहून ट्रक भरायच्या. 1977 मध्ये कामगार पुढारी शंकर गुहा नियोगींबरोबर त्यांनी युनियन काढली, मागणी काय तर पावसाळ्याआधी झोपडी शाकारायला बांबू-बल्लीचे पैसे द्या. त्यावर जूनमध्ये पोलिसांचा गोळीबार, 11 माणसं गेली. त्याच मजुरांनी वर्गणीतून 1983 मध्ये शहीद हॉस्पिटल उभं केलं, ते अजून चालू आहे. नियोगींना 1991 मध्ये भिलाईतच झोपेत गोळ्या घातल्या. प्लांटच्या आतही गॅसचे अपघात झालेत, 2014 मध्ये पाण्याचा दाब गेल्यानं विषारी गॅस सुटला आणि सहा जण गेले, 2018 ला कोक ओव्हनच्या पाइपलाइनला आग, त्यात तर डझनाच्या वर.

आणि तो डोंगर? तो संपत आलाय. साठ-पासष्ट वर्षं रोज मालगाड्या भरून गेल्यावर दुसरं काय होणार. म्हणून नजर रावघाटकडे, बस्तरच्या उंबरठ्यावर, जिथं जाणारी रेल्वेलाइन निमलष्करी दलाच्या बंदोबस्तात टप्प्याटप्प्यानं टाकावी लागली. 2022 पासून तिथलं थोडंफार ओर भिलाईला यायला लागलंय. इकडे आपल्या गडचिरोलीत सुरजागडचा डोंगर फोडणं जोरात सुरूय, तोही जुन्या चांदा जिल्ह्यातलाच, जिथून टाटांची माणसं हात हलवत परत आली होती.