घातक शैवालफुलोरा (कोकण किनारा)

समुद्रातलं सूक्ष्म शैवाल अचानक बेसुमार वाढून पाण्याचा रंगच बदलतो त्याला शैवालफुलोरा म्हणतात, मासे, माणसं किंवा धंदा ह्यांना त्याचा त्रास झाला की तो घातक. पाणी लाल दिसलं म्हणजे विषारीच असं नसतं, उलट पाणी स्वच्छ असूनही शिंपल्यांत विष साठलेलं असू शकतं. मालवण-रत्नागिरीच्या खडकांवरचं सरगॅसम (मोठं तपकिरी समुद्री शैवाल) हा वेगळा विषय. ते तुटून किनाऱ्याला लागतं, कुजतं, घाण वास मारतं, पण 2011 पासून कॅरिबियनमधे लागतात तसले ढीग इकडे नाहीत.

इकडचे नेहमीचे दोन. ट्रायकोडेस्मियम, म्हणजे एक नीलहरित शैवाल, साधारण फेब्रुवारी ते मे, वारा पडलेला असताना, पाण्यावर भुशासारखे तपकिरी पट्टे. दुसरा नॉक्टिल्युका, एकच पेशी पण कधी कधी 1 मिमीपर्यंत, ग्लासात पाणी घेऊन उजेडात धरलं की कण नुसत्या डोळ्यांनी दिसतात, आणि रात्री लाट फुटली की निळा उजेड पडतो, म्हणून हल्ली रील्सवाल्यांची गर्दी. लाल नॉक्टिल्युका दुसऱ्या जिवांना खाऊनच जगतो, हिरव्याच्या पोटात मात्र हिरवं शैवाल राहतं त्यामुळे त्याला दोन्हीकडून अन्न. माणसाला मारणारं विष नॉक्टिल्युका बनवत नाही, पण पेशीत अमोनिया साठवतो आणि दाट फुलोरा मेला-कुजला की पाण्यातला ऑक्सिजन खेचला जातो.

हिरवा नॉक्टिल्युका अरबी समुद्रात हिवाळ्यात एवढा का माजला, इथे वाद आहे. तो ठळकपणे दिसायला लागला बहुधा 2000 नंतर. संशोधक गोम्स आणि सहकाऱ्यांनी 2014 मधे मांडलं की कमी ऑक्सिजनचं पाणी वर सरकतंय आणि ते ह्याला मानवतं, डायटमना (दुसऱ्या जातीच्या सूक्ष्म शैवालांना) नाही. नंतर 2018 मधे लोटलीकर वगैरेंनी प्रत्यक्ष मोजमापं देऊन दाखवलं की ईशान्य अरबी समुद्रातले फुलोरे भरपूर ऑक्सिजनच्या पाण्यातही येतात. 2020 मधे गोज आणि गोम्स गटानेच हिमालयातला बर्फ कमी होणं, त्यामुळे थंड वारे मंदावणं आणि पाणी नीट न घुसळणं असं कारण जोडलं. उघड्या समुद्रापुरतं वारे-घुसळणीचं स्पष्टीकरण जास्त पटण्यासारखं. खाडीच्या तोंडाशी मात्र सांडपाणी आणि खतं धरल्याशिवाय हिशोब लागत नाही. फुलोऱ्याचा मासळी गायब होण्याशी संबंध तर जुनाच, भीमाचार आणि जॉर्ज यांनी 1950 मधेच मलबार-कानडा किनाऱ्यावरच्या लाल पाण्याबद्दल तो जोडलेला.

उपाय थोडेच. कोरियात माशांच्या पिंजऱ्यांभोवती माती फवारून शैवाल खाली बसवतात, इकडच्या उघड्या समुद्रात ते परवडणार नाही. सांडपाणी प्रक्रिया करून सोडणं आणि वेळेत कळणं एवढंच हातात. हैदराबादचं इन्कॉइस (समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था) उपग्रहावरून फुलोऱ्याची माहिती देतं, पण ढगांखालचं त्याला दिसत नाही, म्हणजे पावसाळ्यात पंचाईतच.

खरी काळजी तिसऱ्या, कालवं, शिणाणे ह्या खायच्या शिंपल्यांची. 1983 मधे मंगळूरजवळ शिंपल्यांतून पक्षाघाती (अंग बधिर, लुळं पाडणारी) विषबाधा झालेली. हे विष शिजवून जात नाही, शिंपल्याच्या मांसात चालणारी मर्यादा किलोमागे 800 मायक्रोग्रॅम. खाल्ल्यावर ओठ-जीभ बधिर, हातापायाला मुंग्या आल्या तर लगेच दवाखाना गाठायचा, उतारा नाही, श्वास सांभाळणं हाच इलाज. कोलंबी तलाववाल्यांनी पाण्याचा रंग फिरला असेल तर भरतीला गेट उघडू नये.