भात व देवभात : संकरातील अडसर

लागवडीचे भात (ओरायझा सटायव्हा) आणि कोकणात तळ्याकाठी, ओहोळात आपोआप उगवणारे देवभात (ओ. रुफिपोगॉन) यांचा संकर रोखणारी कारणे. दोन्हींची गुणसूत्रे २४ व जीनसंच (जनुकांचा पूर्ण संच) एकाच ‘एए’ प्रकारचा. त्यामुळे अडसर अपुराच आहे. संकर होतो आणि बहुधा फळतोही.

खरी आडकाठी फुलोऱ्याची. भाताचे फूल दिवसा तास-दोन तासच उघडते, परागकण काही मिनिटांत निकामी होतात आणि परागकोश फूल उघडतानाच फुटत असल्याने परपरागण सहसा १ टक्क्याच्या आतच राहते. देवभाताची कुक्षी (पराग झेलणारा भाग) मात्र तुसाबाहेर डोकावते. म्हणून पराग घेणारी बाजू बहुधा त्याचीच. ते पावसाळा सरताना निसवते (लोंब्या बाहेर टाकते). भाताची हळवी (लवकर पिकणारी) वाणे तोवर दाणे भरत असतात. गाठ पडते ती गरव्यांशी (उशिरा पिकणाऱ्यांशी).

संकरजाच्या (संकरातून आलेल्या रोपाच्या) वंध्यत्वाचा पुष्कळ अभ्यास झाला आहे तो भाताच्या इंडिका व जपोनिका या दोन उपजातींत. तेथील ‘एस५’ या गुणसूत्रावरील स्थानी ‘मारक’ (स्त्रीबीज मारणारे) व ‘रक्षक’ (ते वाचवणारे) जीन शेजारी असतात, असे २०१२ मध्ये दाखवले गेले. कोकणातील वाणे मुख्यतः इंडिका असल्याने हा मुद्दा येथे गौण आहे. भाताच्या उगमाचा वाद मात्र तसा गौण नाही. दोन्ही उपजाती स्वतंत्रपणे माणसाळल्या, असे एक मत. जपोनिका आधी चीनमध्ये घडली व स्थानिक रानभाताशी तिच्या संकरातून इंडिका झाली, असे दुसरे. दाणे झडणे कमी करणारा ‘एसएच४’ जीनचा एकच बदल दोहोंत आढळतो, हे दुसऱ्या मताला अधिक पोषक आहे. तसे असल्यास भात व रानभातातील अडसर आरंभापासूनच झिरपता होता. वर्षायू (वर्षभरातच जीवन संपवणाऱ्या) रानभाताला १९६५ मध्ये ओ. निवारा (संस्कृत ‘नीवार’) असे वेगळे नाव मिळाले. काही जण त्याला रुफिपोगॉनचाच प्रकार मानतात.

खाजणाच्या खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या ओ. कोआर्क्टाटा या रानजातीशी भाताचा अडसर मात्र पक्का आहे. त्याची गुणसूत्रे ४८. संकरित भ्रूण दाण्यात तग धरत नाही, तो काढून प्रयोगशाळेत वाढवावा लागतो. पानांवाटे मीठ बाहेर टाकणारी ही जाती खार जमिनीच्या भातासाठी म्हणूनच खुणावते.

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे धान्य वर्ज्य असल्याने नांगराविना आलेले देवभात चालते. शेतात मात्र ते तण. बेणणीच्या (तण काढण्याच्या) वेळी संकराचे रोप भातासारखेच दिसते; लांब कुसळे दिसली की ओळख पटते, तोवर दाणे झडू लागलेले असतात.